रशियन आजी 'दुराचोक' म्हणाल्या. राग मानायचा की नाही?

रेडीकर

नमस्कार मंडळी. रशियन भाषा जाणणारं कोणी इथे असेल तर जरा खुलासा करा.

मी रेडीचा. सीझनला, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, गोव्यात मोरजीला मामाच्या गेस्ट हाऊसवर असतो. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात रशियन किती असतात ते तिकडे जाऊन आलेल्यांना सांगायला नको. शॅकच्या पाट्या त्यांच्या लिपीत, मेनूत सोलकढीच्या वरच्या ओळीला बोर्श्च. मला 'प्रिव्येत', 'स्पासीबा' आणि 'स्कोल्का' येतं. नमस्कार, आभारी आहे आणि केवढ्याला. धंद्यापुरतं तेवढं पुरतं.

आमच्याकडे एक रशियन आजी-आजोबा दर हिवाळ्यात येतात. परवा आजींच्या भाड्याच्या स्कूटरच्या डिकीत मी त्यांची भाजीची पिशवी ठेवली आणि पिशवीबरोबर चावीही आत टाकून सीट दाबली. खट्. आजी समोरच उभ्या होत्या. आधी कपाळाला हात लावला, मग हसल्या, माझ्या डोक्यात टप्पल मारली आणि म्हणाल्या, "ओय, दुराचोक ती मोय!"

आता माझ्या कानाला ते चक्क 'दुराचारी' ऐकू आलं. चावी आत राहिली म्हणून माणूस दुराचारी?

बरं, त्याच दिवशी आजोबांबरोबर शिवोलीहून येत होतो. चोपड्याच्या तिठ्यावर एका जीपवाल्याने उलट्या बाजूने गाडी घातली. आजोबा खिडकीतून मान काढून ओरडले, "दुराक!" तोंड लालबुंद. आणि रात्री व्हरांड्यात चौघं पत्ते कुटत बसले तेव्हा पुन्हा दर पाच मिनिटांनी दुराक, दुराक, आणि सगळे खो-खो हसतायत.

शब्द एकच आहे की वेगळे? शिवी आहे की लाड? स्कूटर भाड्याने देणारा आमचा पोरगा पण विचारत होता, त्यालाही कोणीतरी दुराक म्हणालं होतं. तो भांडायच्या तयारीत आहे.

चहाटळ

ट्रान्सलेटर 'मूर्ख' दाखवतोय. चावी डिकीत टाकून सीट बंद केलीस म्हणजे आजींचं काही चुकलेलं नाही. धागा बंद करा.

ओझरचा दुभाषा

धागा एवढ्यात बंद करू नका, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

रेडीकर, वयाने तू लहान असणार असं गृहीत धरून अरे-तुरे करतो. तुझ्या आजीने तुला शिवी दिलेली नाही, घरातला धरलंय. त्या तीन शब्दांतला शेवटचा शब्द तू सोडून दिलास, आणि सगळी गंमत त्यातच आहे. 'ती' म्हणजे तू, 'मोय' म्हणजे माझा. 'माझं खुळं ते' असं ती म्हणाली. रस्त्यावरच्या परक्या माणसाला कोणी 'मोय' लावत नाही.

माझी थोडी ओळख सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. नोकरी ओझरला, विमानांच्या कारखान्यात. १९६४ साली तो मिग-२१ साठी उभा राहिला. मी बऱ्याच नंतर चिकटलो. त्याआधी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलो होतो. काम काय, तर रशियन नकाशे आणि पुस्तिका आपल्या लोकांना समजावून द्यायच्या, आणि तिकडचे तज्ज्ञ आले की दोघांच्या मध्ये उभं राहायचं. पुढे सुखोई-३० चं काम आलं तेव्हा इर्कुत्स्कला राहून आलो. तिथला विमान कारखाना ज्या वस्तीत आहे तिला लोक इर्कुत्स्क-दोन म्हणतात. दुभाषा म्हणून जे भाषांतर करायचं ते कागदावर असतं. जे करायचं नसतं ते शॉप फ्लोअरवर कानावर पडतं, आणि दुराक हा शब्द मी तिथेच खरा शिकलो. रानडेमध्ये तो फक्त शब्दकोशात होता.

तर 'दुराक' म्हणजे मूर्ख, येडा. पुल्लिंगी. जोर दुसऱ्या अक्षरावर: दु-राऽक. बाईला 'दूरा', जोर पहिल्यावर. 'दुराचोक' हे दुराकचं लहान रूप. आपण बाळ्या, सोन्या करतो तसं रशियन माणूस कुठल्याही नामाला शेपूट लावून लहान करतो, आणि लहान केलं की बहुतेक वेळा धार जाते. 'दूरिन' म्हणून अजून एक आहे, तो खेडवळ, आजोबा-काकांच्या तोंडचा. तुझ्या गावात 'मेल्या' म्हणतात ना? अक्षरशः अर्थ लावला तर किती भयंकर, पण आजी 'मेल्या जेवलंस काय' म्हणते तेव्हा कोण दुखावतं? दुराचोक त्या घरचा.

तुझ्या आजोबांचं जीपवाल्याला ओरडणं मात्र खरं होतं. शब्द तोच, पण परक्याला, चढ्या आवाजात, शेपटीशिवाय. तरीही तो सौम्यच धरायचा. रशियनमध्ये खऱ्या घाण शिव्यांचं एक वेगळं कोठार आहे, त्याला 'मात' म्हणतात, आणि ते शब्द तिथे छापतही नाहीत, टिंबं देतात. दुराक त्या कोठारातला नाही. तो लहान मुलांच्या पुस्तकात सापडतो, शाळेच्या मैदानावर सापडतो.

ऐकताना एक खूण लक्षात ठेव. आपल्यासारखं त्यांच्यातही तू आणि तुम्ही आहे, 'ती' आणि 'वी'. ओळख नसलेल्या मोठ्या माणसाला 'वी', आणि नावाबरोबर वडिलांच्या नावाला -ओविच लावून हाक. माझ्या वडिलांचं नाव विष्णू, तर इर्कुत्स्कला मी काही दिवसांत 'विष्णुविच' झालो. कचेरीत, दुकानात, बसमध्ये भांडण लागलं की आधी 'वी' सुटतं आणि 'ती' येतं. मला विचाराल तर अपमान तिथेच होऊन जातो, दुराक नंतर नुसता पोचपावतीसारखा येतो. शब्दाआधी सर्वनाम ऐकावं.

आणि हात बघावा. कानशिलाशी तर्जनी टेकवून स्क्रू फिरवल्यासारखं करतात, तोंडातून अवाक्षर नाही. ते ड्रायव्हर लोकांत काचेआडून चालतं. दुराकपेक्षा ते जास्त लागतं, कारण त्याला उत्तर देता येत नाही.

कारखान्यात हा शब्द फार कामाचा होता. दोन उदाहरणं देतो, मग थांबतो. एक म्हण: 'दुराकाम पोलराबोती न्ये पकाज़ीवायुत'. मूर्खांना अर्धवट झालेलं काम दाखवू नये. जोडणी अर्ध्यावर आहे, तारा लोंबतायत, आणि कोणी साहेब डोकावून 'हे असं का?' विचारायला लागला की म्हातारा फिटर पाठ न वळवता हे पुटपुटायचा. आता हे साहेबाला भाषांतर करून सांगायचं कसं? मी 'अजून काम चालू आहे, सर' असं सांगायचो. भाषांतर म्हणून ते बरोबरच आहे.

दुसरं: 'ज़ाश्शीता अत दुराका'. शब्दशः, दुराकपासून संरक्षण. जोडणी अशी बनवायची की चुकीची बसवताच येऊ नये. डाव्या बाजूचा प्लग उजव्या खोबणीत जाणारच नाही, खाच वेगळी, पिन वेगळी. हा अगदी रोजचा इंजिनिअरिंग शब्द आहे, त्यात शिवी कोणाला ऐकूही येत नाही. पण २०१३ च्या जुलैत बायकोनूरहून सुटलेलं प्रोटॉन रॉकेट काही सेकंदांत आडवं झालं आणि ग्लोनासच्या, म्हणजे त्यांच्या जीपीएससारख्या यंत्रणेच्या, तीन उपग्रहांसकट जमिनीवर आदळलं, तेव्हा हा शब्द सगळ्या रशियन वर्तमानपत्रांत होता. चौकशीत निघालं की वळणाचा वेग मोजणारे सहापैकी तीन सेन्सर उलटे बसवले होते. उलटे बसू नयेत म्हणून पिना होत्या. सेन्सर जोर लावून दाबल्याच्या खुणा सापडल्या. आमच्या निवृत्त मंडळींत यावर फार बोलणं झालं. दुराकपासून संरक्षण केलंत, पण हातोडी घेऊन आलेल्या दुराकपासून कसं करणार?

पत्त्यांचं राहिलं. जेवण झालं की लिहितो.

शब्दवेध

काका, सुंदर माहिती. पण हे उघडच संस्कृत आहे हे कोणी कसं म्हणत नाही? दुर् + आक. दुर्जन, दुर्बुद्धी, दुराग्रह, दुराचारी. रेडीकरांच्या कानाने अचूक पकडलं होतं. रशियन ही संस्कृतचीच लेक आहे.

ओझरचा दुभाषा

शब्दवेध, लेक नाही. लांबची चुलत बहीण म्हणा, त्याला माझी हरकत नाही. दोनला 'द्वा', तीनला 'त्री', भावाला 'ब्रात', दाराला 'द्व्येर'. ते नातं मान्य.

पण दुराकमध्ये तुम्ही चुकीच्या जागी कापताय. संस्कृतातला 'दुर्' हा उपसर्ग, तो दुसऱ्या शब्दाच्या आधी लागतो. इथे 'दूर' हा शब्दाचा गाभाच आहे आणि 'आक' हा मागचा प्रत्यय. 'रीबा' म्हणजे मासा, त्यावरून 'रिबाक' कोळी. 'मोऱ्ये' म्हणजे समुद्र, त्यावरून 'मर्याक' दर्यावर्दी. तसा 'दुर्नोय' म्हणजे वाईट, त्याच घरातून 'दुराक'. रेडीकरांना रिबाक आणि मर्याक दोन्ही उपयोगी पडतील. जाता जाता: धोतऱ्याला रशियनमध्ये 'दुरमान' म्हणतात. खाल्लं की डोकं फिरतं ते झाड.

कानाला सारखं लागलं म्हणून सोयरीक जुळवायची तर मराठीतला 'दूर' आणि त्यांचा 'दूरा' यांचंही लग्न लावावं लागेल.

स्मोलेन्स्कवाली

मी सहा वर्षं स्मोलेन्स्कला एमबीबीएस केलं, आता लातूरला असते. काकांनी छान लिहिलंय, पण ते सगळं पुरुषांच्या कारखान्यातलं आहे. बाईच्या बाजूने थोडं लिहिते.

'दूरा' हा दुराकचा नुसता स्त्रीलिंगी जोडीदार नाही. मित्र मित्राला दिवसातून दहादा दुराक म्हणतो, कोणी मान वर करून बघत नाही. पुरुषाने बाईला 'दूरा' म्हटलं की त्यात 'बाई आहे, हिला काय कळणार' हे आपोआप येतं. त्यातून परका पुरुष म्हणाला तर सरळ तुच्छता. माझ्या वर्गातल्या रशियन मुली एकमेकींना लाडाने म्हणायच्या, पण तेच एखाद्या मुलाने म्हटलं की वातावरण बदलायचं. तेव्हा रेडीकर, तुमच्या गेस्ट हाऊसवर कोणा बाईला हा शब्द गमतीत वापरू नका. आजींनासुद्धा नाही.

याचंही लाडाचं रूप आहे, 'दूरच्का'. ते मी कायम ऐकलं, आमच्या होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या आजीकडून. तिला 'वख्त्योर्शा' म्हणतात. चाव्या तिच्याकडे, रात्री अकराला दार बंद करायचं तिने, पाहुण्यांचे पासपोर्ट तपासायचे तिने, आणि आमच्या डोक्यावर टोपी आहे का हे बघायचंही तिनेच. बाहेर उणे पंधरा, आणि आम्ही सोलापूर-लातूरकडच्या पोरी केस धुवून तशाच निघालेल्या. 'कुदा बेस शापकी, दूरच्का!' बिनटोपीची कुठे निघालीस, खुळे! मग ती स्वतः खुर्चीवरून उठून माझी ओढणी डोक्याला गुंडाळायची. टोपी न घालणं हा त्या देशात जवळजवळ नैतिक गुन्हा आहे. रस्त्यावरची अनोळखी आजीसुद्धा थांबवून रागावते.

वर्गात मात्र प्राध्यापकांनी कोणाला कधी दुराक म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथे 'वी' चालायचं, आणि माझं उत्तर चुकलं की सर अतिशय शांतपणे माझं पूर्ण नाव घ्यायचे. ते ऐकून दुराक परवडला असता असं वाटायचं.

काकांनी न सांगितलेले काही अजून सौम्य शब्द. 'चायनिक' म्हणजे किटली. नवशिक्याला म्हणतात: गाडी नवीन शिकलेला, कॉम्प्युटर नवीन शिकलेला. नवे ड्रायव्हर स्वतःच गाडीच्या मागच्या काचेवर किटलीचं चित्र चिकटवतात. नवशिक्यांसाठीची ती पिवळ्या-काळ्या कव्हरची पुस्तकं असतात ना, ती तिकडे 'किटल्यांसाठी' या नावाने विकतात. 'वालिनक' म्हणजे लोकरीचा जाड बूट. गावंढळ, ज्याला काही समजत नाही असा. 'श्ल्यापा' म्हणजे हॅट, हा वेंधळ्याला, सतत काहीतरी विसरणाऱ्याला. रेडीकर, चावीवरून तुम्ही खरं म्हणजे श्ल्यापा. 'रिदीस्का' म्हणजे छोटा लाल मुळा. हा १९७१ च्या एका सोव्हिएत विनोदी चित्रपटाने रूढ केला. त्यात एक बालवाडीचा साधा मुख्याध्यापक चोरांची भाषा घोकतो आणि तिथे वाईट माणसाला मुळा म्हणतात असं दाखवलंय. आज तो शब्द निव्वळ थट्टेत चालतो.

एक इशारा मात्र गंभीरपणे. 'कज़्योल' म्हणजे बोकड. मराठीत कोणाला बोकड म्हटलं तर तो हसेल. रशियनमध्ये तुरुंगाच्या भाषेमुळे तो शब्द फार वाईट झालाय, त्यावरून खरोखर मारामाऱ्या होतात. प्राण्यांची नावं शिकून घ्या, पण ती माणसांना लावू नका.

रेडीकर

ताई, काका, दोघांचेही आभार. स्कूटरवाल्याला सांगितलं. तो म्हणतो, मला 'मोय' लावलं नव्हतं. म्हणजे त्याचा राग चालू ठेवायला हरकत नाही असं त्याने ठरवलंय.

आता दोन गोष्टी. मला कोणी दुराक म्हणालंच तर उलट काय बोलायचं? आणि त्या पत्त्यांच्या डावात मला बसायचंय. आजोबा बोलावतात रोज. नियम कोणी सांगेल का? ते रशियनमध्ये सांगतात आणि मी मान हलवतो.

ओझरचा दुभाषा

उलट काय बोलायचं याचं उत्तर दोन शब्दांत आहे आणि प्रत्येक रशियन पोराला ते पाठ असतं: 'साम दुराक'. तूच दुराक. त्याच्यापुढे वाद जात नाही. म्हणूनच ज्या वादाला काही अर्थ उरलेला नाही त्याला ते 'साम दुराक'चा वाद म्हणतात. संसदेच्या चर्चेलाही म्हणतात. पण तू म्हणू नकोस. आजोबा सत्तरीचे, तू धंद्यावर. हसायचं आणि चावीवाल्याला फोन लावायचा.

आता पत्ते. खेळाचं नावच 'दुराक'. रेडीकर, तू झब्बू खेळला असशीलच, मग अर्धं काम झालं. इथेही कोणी जिंकत नाही. पानं संपवून एकेक जण सुटत जातो, आणि शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात तो दुराक. पहिला कोण सुटला हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. एवढा मोठा देश, आणि त्यांच्या सगळ्यांत लाडक्या पत्त्यांच्या खेळात विजेता नाही, नुसता एक हरलेला आहे. मला हे फार आवडतं.

पानं ३६. छक्कीपासून एक्क्यापर्यंत, दुर्री ते पंजी काढून टाकायच्या. प्रत्येकाला सहा वाटायची. उरलेल्या गड्डीच्या तळाशी एक पान उताणं, आडवं ठेवायचं. त्याचा रंग तो हुकूम. हुकमाला ते 'कोज़िर' म्हणतात, हा शब्द तुला सतत ऐकू येईल. ज्याच्याकडे हुकमाचं सगळ्यांत लहान पान तो सुरुवात करतो. तो शेजाऱ्यावर एक पान टाकतो. शेजाऱ्याने त्याच रंगाचं मोठं पान किंवा हुकूम टाकून ते मारायचं. मारलं की बाकीचेही त्याच्यावर पानं टाकू शकतात, पण टेबलावर जी किंमत आधी पडलीय तिचीच: नश्शी पडली असेल तर नश्शी, गुलाम पडला असेल तर गुलाम. सगळी मारली तर ती पानं बाद, बाजूला उपडी. एक जरी मारता आलं नाही तर सगळा ढीग उचलायचा आणि त्याची पाळीही जाते. प्रत्येक फेरीनंतर गड्डीतून ओढून हातात पुन्हा सहा करायची, गड्डी असेपर्यंत.

याला 'पतकिद्नोय' म्हणतात, वर टाकायचा दुराक. दुसरा प्रकार 'पिरिवद्नोय': तुझ्यावर सत्ती आली आणि तुझ्याकडे सत्ती असेल तर मारायच्या ऐवजी तीही पुढे ठेवून दोन्ही पुढच्याच्या गळ्यात ढकलायच्या. बसण्याआधी कोणता चालू आहे ते विचार, नाहीतर भांडण तिथूनच.

इर्कुत्स्कला असताना गाडीच्या डब्यात हा खेळ पाहिला. सायबेरियातली गाडी, खिडकीबाहेर तासन्‌तास बर्च आणि बर्फ, आणि वरच्या-खालच्या बर्थवरची चार परकी माणसं सुटकेसवर पानं मांडून बसलेली. नावं विचारायच्या आधी एकमेकांना दुराक म्हणून मोकळे झालेले. म्हणून सांगतो, तुझ्या व्हरांड्यातल्या हसण्यात अपमान शोधू नकोस. त्या डावात तो हुद्दा आहे, आणि तो फिरता आहे.

शिवाय या शब्दामागे गोष्टी आहेत. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत मूर्खाची फजिती होते. रशियन गोष्टींत 'इवान-दुराक' हा नायक असतो. तीन भावांतला धाकटा. थोरले दोघे शहाणे, कामाचे. हा भट्टीवर लोळत पडलेला. (भट्टी म्हणजे त्यांची 'पेच', खोलीएवढी मातीची चूल, वरती झोपायला जागा. थंडीत ती सोडून उठायचं नाही यात मला तरी काही मूर्खपणा दिसत नाही.) शेवटी राजकन्या यालाच मिळते. असाच एक येमेल्या: नदीच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून मासा पकडतो, सोडून देतो, मासा वर देतो, आणि मग पाण्याच्या बादल्या आपल्या आपण घरी चालत जातात, आणि हा भट्टीवर बसून भट्टीसकट राजाकडे निघतो. टॉलस्टॉयने १८८६ साली इवान-दुराकची स्वतःची एक गोष्ट छापली. त्यात हा दुराक राजाच होतो, आणि त्याच्या राज्यात एकच रिवाज: ज्याच्या हाताला घट्टे असतील त्याने पंगतीला बसावं, बाकीच्यांना उरलंसुरलं. तर एवढ्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाच्या तोंडी दुराक आला की त्यात चार आणे तरी माया असतेच. 'दुराकाम विज़्योत' असंही म्हणतात, दुराकांना नशीब साथ देतं.

पण सौम्य शब्द म्हणजे निरुपद्रवी शब्द असं मात्र समजू नकोस. गोगोलची १८३४ ची एक कथा याच्यावरच उभी आहे. मिरगरद गावातले दोन इवान, जिवाभावाचे शेजारी. एकाला दुसऱ्याची जुनी बंदूक हवी असते. बदल्यात एक तपकिरी डुकरीण आणि दोन पोती ओट द्यायला तयार. दुसरा नाही म्हणतो. पहिला चिडून म्हणतो, दूरिन नक्षीची पिशवी मिरवतो तसे तुम्ही ती बंदूक मिरवताय. लक्षात घे, दूरिन झाला, तरी काही बिघडलं नाही. मग दुसरा म्हणतो, आणि तुम्ही म्हणजे अगदी 'गुसाक' आहात. गुसाक म्हणजे बदकाच्या जातीतला तो मोठा नर हंस, अंगणात मान काढून फिसफिसणारा. बस्स. कोर्टकचेरी. अर्ज असा की मी खानदानी माणूस, माझा जन्म चर्चच्या वहीत नोंदलेला आहे, आणि गुसाकाची नोंद तिथे होत नाही. पुढे एका मेजवानीत गावकरी दोघांना ढकलत समोरासमोर आणतात, आता हात मिळवणार, आणि दुसऱ्याच्या तोंडून समजावणीच्या भरात तो शब्द पुन्हा निघतो. सगळं मुसळ केरात. वर्षं सरतात, दोघे पिकतात, खटला चालूच.

दुराकने जे झालं नाही ते हंसाने केलं. आपल्या माणसाला काय लागेल ते कोशात मिळत नाही, अशी माझी तरी इतक्या वर्षांची समजूत झाली आहे.

चहाटळ

रशियाचं ते वाक्य आहे ना, देशाला दोन व्याधी, दुराक आणि रस्ते? मग मुंबई-गोवा हायवेवर आपण रशियाच्या पुढे गेलोय.

ओझरचा दुभाषा

चहाटळराव, ते वाक्य रशियात सगळे गोगोलच्या नावावर खपवतात, त्याच्या लिखाणात ते नाही. बाकी हायवेबद्दल तुमच्याशी सहमत. मी नाशिकहून सावंतवाडीला घाटावरूनच जातो.

स्मोलेन्स्कवाली

रेडीकर, बसलात का मग डावाला?

रेडीकर

बसलो काल. आजी, आजोबा, त्यांचा एक दोस्त आणि मी. सगळे डाव नाही हरलो, पण बरेच हरलो. दुराक झालो की आजोबा उठून सलाम ठोकतात.

एक कळलं नाही. शेवटच्या डावात मी आणि आजोबाच उरलो होतो. त्यांच्या हातात दोनच पानं होती, दोन्ही छक्क्या. माझ्याकडे हुकूम नव्हता, मला मारता आल्या नाहीत. तर त्यांनी त्या टेबलावर ठेवल्याच नाहीत, माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक ठेवली आणि आजींनी फोटो काढला. हा नियम आहे की आजोबांची मस्करी?

ओझरचा दुभाषा

नियम नाही, पण सगळा देश पाळतो. त्याला 'पगोनी' म्हणतात, लष्करी गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्ट्या. शेवटची पानं म्हणून छक्क्या टाकून समोरच्याला दुराक केलं की त्या त्याच्या खांद्यावर चढवायच्या. दुराक तर झालासच, वर अधिकारीही झालास. छक्की सगळ्यांत लहान पान, तिनेच हरवलं, हा त्यातला टोमणा. आजोबांनी त्या दोन छक्क्या गड्डी संपायच्या आधीपासून राखून ठेवल्या असणार, हे पुढल्या वेळी लक्षात ठेव. कोणत्या छक्क्या बाद झाल्या ते मोजत जा, चारच असतात. हुकमाची पानंही मोज, ती नऊ.

आणि हो, हरलेल्याने पुढचा डाव पिसून वाटायचा असतो. ते काम आजोबांवर टाकून तू उठून गेला असशील, तर आज आधी जाऊन गड्डी हातात घे.